‘द विकर मॅन’ (१९७३): लॉर्डचा स्वतःचा विश्वास होता का?

केतकीबन

शुक्रवारी रात्री घरातले सगळे झोपल्यावर ‘द विकर मॅन’ पाहिला. रॉबिन हार्डीने दिग्दर्शित केलेला, अँथनी शॅफरने लिहिलेला १९७३चा ब्रिटिश सिनेमा. नंतर दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. भूत नाही, अंधार नाही, रक्त तर जवळजवळ नाहीच. सगळं लख्ख उन्हात, गाणी म्हणत म्हणत घडतं.

धाग्यात शेवट उघड होणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, कळकळीने सांगते.

गोष्ट अशी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समरआयल नावाचं एक काल्पनिक बेट. तिथली रोवन मॉरिसन नावाची मुलगी बेपत्ता असल्याचं निनावी पत्र पोलिसांना येतं आणि सार्जंट हॉवी (एडवर्ड वुडवर्ड) समुद्री विमानाने एकटाच तिथे उतरतो. हॉवी कडवा ख्रिस्ती. लग्न ठरलंय, पण लग्नाआधी स्त्रीला स्पर्श नाही. बेटावर मात्र येशूचं नाव कुणी घेत नाही. चर्च ओसाड पडलंय. लोक सूर्याला, फळबागांना, जुन्या देवतांना मानतात. वर्गात बाई मुलींना विचारतात की मेपोल (मे महिन्याच्या सणात ज्याभोवती नाचतात तो खांब) कशाचं प्रतीक आहे, आणि उत्तर ऐकून हॉवीच्या पायाखालची जमीन सरकते.

इथे कबूल करते, पहिला तासभर मी बेटाच्या बाजूने होते. गणवेश घालून परक्या गावात येणारा, दिसेल त्याला ‘हे पाप, ते पाप’ म्हणून झापणारा माणूस मला सोसवत नव्हता. आपल्याकडच्या शिमग्याला, जत्रांना, शेंदूर फासलेल्या दगडांना नाकं मुरडणारे साहेब असेच असणार, असं सारखं वाटत होतं. मनात म्हटलं, बरी जिरतेय याची.

आणि मग तो भुंगेरा. वर्गातलं एक बाक रिकामं असतं. हॉवी त्याचं झाकण उघडतो. आत एक खिळा ठोकलेला, खिळ्याला दोरा, दोऱ्याला भुंगेरा बांधलेला. भुंगेरा बिचारा एकाच दिशेने फिरतोय आणि दोरा खिळ्याला गुंडाळला जातोय. शेजारची मुलगी गोड आवाजात समजावते, की तो नेहमी एकाच बाजूने फिरतो आणि शेवटी खिळ्याला घट्ट चिकटतो, बिचारा. तेव्हा मला ते नुसतं विचित्र वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना उमगलं, भुंगेरा म्हणजे हॉवी. आणि त्याच्यावर हसत बसलेली मीसुद्धा त्याच दोऱ्याने फिरत होते.

आता माझा प्रश्न. शेवटी कळतं की आदल्या वर्षी फळं आली नव्हती आणि त्यासाठीच हॉवीला फसवून बेटावर आणलंय, वेताच्या पुतळ्यात कोंडून जाळायला. हॉवी ओरडून सांगतो, मला मारून सफरचंदं येणार नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा पीक गेलं तर हेच लोक बेटाच्या मालकाचा, लॉर्डचा बळी मागतील. लॉर्ड समरआयल (ख्रिस्तोफर ली) म्हणतो, पीक जाणार नाही. पण त्याचा चेहरा क्षणभर बदलतो. मी ती जागा चार वेळा मागे नेऊन पाहिली. त्याचा विश्वास होता का? की तो नुसता राज्य टिकवत होता?

सह्यकडा

पहिला! धाग्यावर जाहीर हजेरी. रात्री सविस्तर लिहितो. भुंगेऱ्याबद्दल जे लिहिलंत ते अगदी पटलं.

तर्कट

केतकीताई, उत्तर सिनेमातच आहे. लॉर्ड स्वतः हॉवीला घराण्याचा इतिहास सांगतो. १८६८ साली त्याच्या आजोबांनी हे वैराण बेट विकत घेतलं. आजोबा शास्त्रज्ञ, शेतीतज्ज्ञ, नास्तिक विचारांचे. गल्फ प्रवाहाच्या उबेवर आणि ज्वालामुखीच्या मातीवर भरवसा ठेवून त्यांनी फळांचे नवे वाण तयार केले. मरगळलेल्या लोकांना कामाला लावायचं म्हणून त्यांचे जुने देव त्यांना परत दिले. आजोबांनी जे सोयीपोटी केलं ते वडिलांनी प्रेमापोटी चालवलं, असं तो म्हणतो.

म्हणजे देव आले मजूर कामाला लागावेत म्हणून. जमीन कुणाची? लॉर्डची. वाडा कुणाचा? लॉर्डचा. पीक गेल्यावर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उठायच्या आत त्याने बाहेरचा एक माणूस शोधून ठेवला. विश्वास होता की नाही याने हॉवीला काय फरक पडला? तो जळालाच.

मोगरा७

@तर्कट, हॉवीला नसेल पडला, आपल्याला पडतो. लॉर्ड ढोंगी असेल तर ही गुन्ह्याची गोष्ट होते, एक खलनायक आणि फसलेली माणसं. तो मनापासून मानत असेल तर त्या टेकडीवर खलनायक एकही नाही. हातात हात धरून डुलणारी, आनंदाने गाणारी ती सगळी माणसं म्हणजे साधी, प्रेमळ गावकरी मंडळी. मला दुसऱ्याच शक्यतेची जास्त भीती वाटते.

चकली

मला नाही आवडला. भीती वाटेल म्हणून लाइट बंद करून बसले तर दर दहा मिनिटांनी गाणं! नवरा मधेच उठून म्हणाला, हा भयपट आहे की गॅदरिंग?

क्लाईडकाठ

@चकली, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, मीही पहिल्यांदा हेच म्हणालो होतो. :) पण गाण्यांनीच तो माणूस घेरला जातो. पॉल जोव्हानी नावाच्या अमेरिकन संगीतकाराने ती केली आहेत. दिवाणखान्यात नुसत्या सुरावटी म्हणून ऐका, इतकी गोड आहेत की लहान मुलांना ऐकवावीत. शेवटी आगीभोवती गावकरी म्हणतात ते तर इंग्लंडचं मध्ययुगीन उन्हाळी गीत आहे, वसंत आला, कोकीळ गातोय अशा अर्थाचं. आत हॉवी जीव तोडून तेविसावं स्तोत्र म्हणतोय, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. दोन प्रार्थना समोरासमोर, आणि मोठा आवाज बाहेरच्यांचा.

मी अकरा वर्षं ग्लासगोत आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात गाडी काढून दक्षिणेला व्हिटहॉर्नच्या बाजूला गेलो होतो. सिनेमातलं बेट एक नाहीच, ठिकठिकाणचे तुकडे जोडलेत. विमान उतरतं ते बंदर उत्तरेकडचं प्लॉक्टन. गल्ल्या कर्कूब्रीच्या. ताडाची झाडं दिसतात ती लोगनच्या वनस्पती उद्यानातली, आणि ती खरी आहेत, गल्फ प्रवाहामुळे तिथे जगतात. शेवट बरो हेडच्या कड्यावर. लाकडी पुतळ्याच्या पायांचे जळके खुंट तिथे बरीच वर्षं उभे होते, आता नाहीत. गवत, वारा, खाली आयरिश समुद्र. मुलगी पतंग उडवत होती आणि मला तिथे थांबवेना.

जवळच सेंट निनियनची गुहा आहे. रोवनला घेऊन हॉवी पळतो तेव्हा या गुहेच्या तोंडातून बाहेर येतो. निनियन म्हणजे स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या अगदी पहिल्या संतांपैकी एक. गुहेच्या भिंतींवर यात्रेकरूंनी कोरलेले जुने क्रूस सापडलेत. हॉवी त्याच्या धर्माच्या उगमातून बाहेर पडतो आणि थेट बळी देणाऱ्यांच्या पुढ्यात. हे मुद्दाम केलं की जागा सोयीची होती म्हणून, काही का असेना, तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा आला.

आणखी एक. सिनेमात मे महिना असला तरी चित्रीकरण ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७२चं. उघड्या झाडांना खोटी पानं-फुलं चिकटवली होती. बोलताना तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांनी बर्फ चघळला.

केतकीबन

@क्लाईडकाठ, किती छान लिहिलंत! म्हणजे ज्या बेटावर मोहोर नाही म्हणून माणूस जाळतात, त्या बेटाचा मोहोर डिंकाने चिकटवलेला. आता पुन्हा पाहताना तेच दिसणार.

सांजवात

कुठली आवृत्ती पाहिलीत यावर बरंच अवलंबून आहे. हा सिनेमा वितरकांनी कापून डिसेंबर १९७३मध्ये दुसऱ्या एका भयपटाच्या जोडीला लावला होता, एका तिकिटात दोन खेळ अशा पद्धतीने. लहान आवृत्ती ८८ मिनिटांची. पुढे हार्वर्डच्या चित्रपट संग्रहात एक प्रत सापडली आणि २०१३मध्ये त्यावरून ९४ मिनिटांची आवृत्ती आली. तीच पाहा.

तीत सुरुवातीला हॉवी मुख्य भूमीवरच्या चर्चमध्ये दिसतो. पाव आणि द्राक्षारस घेतो. येशूचं शरीर आणि येशूचं रक्त. हा प्रसंग असला की पुढचा सगळा सिनेमा वेगळा वाचता येतो. दुसऱ्यासाठी मेलेल्या एका माणसाच्या बळीवर हॉवीचा धर्म उभा आहे. तो धर्म दर रविवारी त्या बळीची आठवण शांतपणे चघळतो. समरआयलवाले त्याला म्हणतात, चला, आता खरोखर करू. लॉर्ड त्याला सांगतोही, की आजकाल दुर्मीळ झालेली देणगी आम्ही तुला देतोय, हुतात्म्याचं मरण.

मला हॉवी आवडत नाही, पण शेवटी त्याच्यासाठी रडले. माणूस भेदरलेला आहे, किंचाळतो, तरी देवाला सोडत नाही.

तर्कट

सांजवात, हुतात्मा होण्यासाठी तुमच्यासमोर पर्याय असावा लागतो. इथे पर्याय कुठे होता?

सांजवात

जगायचा नव्हता. मरताना कुणाचं नाव घ्यायचं याचा होता.

काळा_कोट

बळीसाठी माणूस कसा हवा याच्या चार अटी ते लोक मोजून सांगतात. स्वतःच्या इच्छेने आलेला, कायद्याचा प्रतिनिधी म्हणून राजाची सत्ता घेऊन आलेला, कौमार्य न मोडलेला आणि मूर्ख बनून आलेला. चौथी अट पुरी करायला हॉवी आपणहून विदूषकाचा वेश चढवतो.

माझी हरकत पहिल्या अटीवर आहे. खोटं पत्र लिहून, एका मुलीचा जीव धोक्यात आहे असं भासवून बोलावलेला माणूस ‘स्वतःच्या इच्छेने’ आला कसा? फसवणुकीतून मिळवलेली संमती ही संमती नव्हे. म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे हा बळी अशुद्ध होता! हे त्या बेटावरच्या एकाच्याही लक्षात आलं नाही, किंवा लक्षात येऊन सगळे गप्प बसले.

चकली

वकीलसाहेब, तुम्हाला पाठवायला हवं होतं हॉवीबरोबर. तारीख पडली असती, मे महिना निघून गेला असता.

काळा_कोट

:D वाचला असता हो बिचारा.

गोदाकाठ

बरेच दिवसांनी लिहितोय. क्लाईडकाठ यांनी १९७२ साल लिहिलं आणि थबकलो. तिकडे खोटी पानं चिकटवत होते त्या महिन्यांत इकडे आमच्याकडे खरोखर पान नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ.

माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे. आजी खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती तिथे न खाता पदरात बांधून घरी आणायची. मिलोच्या, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीचं नाव काढलं तरी वडील अजून ताटावरून उठतात. पाऊस यावा म्हणून गावाने काय काय केलं ते त्यांच्याकडून ऐकलंय. धोंडी काढली. पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, दारोदार ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत न्यायचा आणि प्रत्येक घरातल्या बाईने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. विहिरीत पाणी नव्हतं तरी ओतायच्या. महादेवाचा गाभारा पाण्याने भरायचं ठरलं, भरेल इतकं पाणीच मिळालं नाही. त्या वर्षी धोंडी झालेला पोरगा म्हणजे माझे वडील.

हे सगळं वेड्यांचं काम नव्हतं. त्या लोकांना शेती माझ्यापेक्षा दसपट कळत होती. हात रिकामे असले की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं.

आणि त्याच काळात, १९७२च्या अखेरीपासून पुढे वर्षभर, आमच्याच परभणी जिल्ह्यात मानवतला मुली आणि बायकांचे खून पडत होते. गुप्तधनासाठी बळी. संध्याकाळ झाली की आत्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. ती आज सत्तरीची आहे, अजून दिवेलागणीला दार लावते.

म्हणून मला हा सिनेमा ‘तिकडचा’ वाटला नाही. एका टोकाला माझ्या बापाच्या डोक्यावर ओतलेलं तांब्याभर पाणी आणि दुसऱ्या टोकाला मानवत. मधली वाट कुठे वळते तेवढं मला समजून घ्यायचंय.

मोगरा७

गोदाकाठ, वाचून हातातला चहा तसाच राहिला. काका आहेत का आता? त्यांना नमस्कार सांगा.

गोदाकाठ

आहेत, ठणठणीत. परवा विचारलं, अण्णा, तेव्हा पाऊस आला का हो? म्हणाले, कुठला! पण ज्या घरी पाणी ओतलं त्या प्रत्येक घरी मूठमूठ जोंधळे मिळाले, ते चार दिवस पुरले.

सह्यकडा

रात्री लिहितो म्हणालो होतो, दोन रात्री गेल्या.

हार्डी आणि शॅफर यांनी तयारी केली ती मुख्यतः जेम्स फ्रेझर यांच्या १८९०च्या ‘द गोल्डन बाऊ’वरून. फ्रेझरचे निष्कर्ष आजचे मानववंशशास्त्रज्ञ जसेच्या तसे घेत नाहीत, पण त्याने जमवलेल्या हकिगती अफाट आहेत. आणि वेताच्या पुतळ्यात माणसं कोंडून जाळणं आलंय ज्युलियस सीझरच्या लिखाणातून. तोही स्कॉटलंडबद्दल नव्हे, गॉलबद्दल लिहितो. म्हणजे आजचा फ्रान्स आणि आसपास. ज्यांच्याशी लढत होता त्यांच्याबद्दल जेत्याने लिहिलेलं आहे हे, तेव्हा चिमूटभर मीठ घालूनच वाचावं.

याच फ्रेझरच्या ग्रंथात भारतही आहे. ओडिशाच्या डोंगरातले कोंध आणि त्यांची मेरिया प्रथा. पृथ्वीदेवीला माणूस द्यायचा म्हणजे पीक येतं आणि विशेषतः हळदीला गडद रंग चढतो, अशी समजूत. विकत घेतलेल्या माणसाला गावात सांभाळायचे, मानाने वागवायचे, शेवटी तेल, तूप, हळद लावून मिरवायचे, आणि नंतर मांस शेतोशेती पुरायचे. ब्रिटिशांनी १८४५मध्ये याच्या बंदोबस्तासाठी मेरिया एजन्सी नावाचं खातं काढलं. इथेही वर्णनं बहुतेक त्या अधिकाऱ्यांचीच आहेत, ज्यांना ते डोंगर ताब्यात घ्यायचे होते. म्हणजे पुन्हा सीझरचाच पेच. प्रथा बंद झाल्यावर माणसाच्या जागी रेडा आला.

तो तेल-हळदीचा तपशील वाचला आणि हॉवीला पांढरा अंगरखा घालण्याआधी बायका हळुवार हातांनी न्हाऊमाखू घालतात ते आठवलं. त्यांच्या हातात राग नाही. लग्नाच्या मुलाला तयार करावं तसं.

मोगरा७

सह्यकडा, माणसाच्या जागी रेडा आला म्हणालात त्यावरून सांगते. आमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी कोहळा मागवला होता. तो मधोमध चिरून आत कुंकू भरलं, आणि गरावरून लाल पाणी ओघळून फरशीवर आलं. आजेसासूबाई सहज म्हणाल्या, आधी म्हणे बोकड असायचा, त्याच्याही आधीचं विचारू नये. माझ्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. मी ते खाली ठेवलं.

मग वाटलं, हेच तर भलं झालं. माणसाचा रेडा, रेड्याचा बोकड, बोकडाचा नारळ आणि कोहळा. कुणीतरी कधीतरी म्हणालं असणार की देवाला एवढ्यावर चालेल. तो कुणीतरी फार मोठा माणूस, त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

सह्यकडा

मोगरा, तुम्ही मला सिनेमाची किल्लीच दिलीत. समरआयलमध्ये ही शिडी उलटी चढतात! ते हॉवीला सांगतात ना, जनावरं चांगली, पण त्यांची किंमत मर्यादित, लहान मूल त्याहून बरं, पण योग्य प्रकारचा मोठा माणूस सर्वांत परिणामकारक. भिंतीवर दरवर्षीच्या सुगीचे फोटो आहेत, फळांच्या राशी आणि मधे एक मुलगी. बरी वर्षं होती तोवर फळांवर भागत होतं. एक हंगाम गेला आणि थेट वरची पायरी. तिथे कोहळ्यावर चालेल म्हणणारा कुणी नव्हता.

फोंडेकार

उशिरा आलो. आमच्या गोव्यात शिरगावला लईराई देवीची जत्रा असते, वैशाखात. रात्री होमकुंड पेटतं आणि पहाटे धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून जातात. माझा मामा धोंड आहे. व्रताचे दिवस कडक पाळतो, गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हातात वेताची काठी. लहानपणी मी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावलंय. कधी फोड आलेले, कधी नाही. विचारलं, दुखता? तर म्हणायचा, आईचं आहे ते.

विकर मॅन पाहताना मला सारखा मामा आठवला आणि राग आला, की हा सिनेमा प्रत्येक श्रद्धेला शेवटी खुनाकडे नेतो. मामा आगीत जातो तो स्वतःच्या पायांनी. समरआयलवाल्यांनी दुसऱ्याला घातलं. या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालू नका, एवढीच विनंती.

तर्कट

फोंडेकार, विनंती मान्य, पूर्ण मान्य. फक्त एक विचारतो, भांडायला नव्हे. मामांच्या घरात पुढच्या पिढीतला मुलगा ‘मी जाणार नाही’ म्हणाला तर?

फोंडेकार

मीच तो मुलगा. मी नाही म्हणालो. आई दोन दिवस बोलली नाही. मामा म्हणाला, त्याला हाक आली नाही, येईल तेव्हा येईल. अजून आली नाही, आणि मामाने पुन्हा विषय काढला नाही.

तर्कट

मामांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. हे मी मनापासून लिहितोय.

काळा_कोट

नेमकी हीच रेघ महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने ओढायचा प्रयत्न केलाय. लोक उगाच म्हणतात की तो श्रद्धेच्या विरोधात आहे. नावातच नरबळी, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी हे शब्द आहेत. सोबतच्या अनुसूचीत कुठल्या गोष्टी गुन्हा ते लिहिलंय. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पूजा, वारी, व्रत यांना हात लावलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्याची वर्षं घातली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मी तेव्हा वकिलीत नवा होतो. एक माणूस गेल्यावर कायदा आला, हे मला आजही लागतं.

खडूफळा

सगळं वाचलं. मी चौथीला शिकवते आणि मला कुणीच न लिहिलेली गोष्ट छळतेय. रोवन.

हॉवी तिला वाचवायला जिवावर उदार होतो. ती त्याचा हात धरून गुहेतून पळते, वाट दाखवते, आणि बाहेर येताच धावत जाऊन लॉर्डला मिठी मारते. विचारते, मी नीट केलं ना? लॉर्ड तिला शाबासकी देतो. कविता पाठ म्हटल्यावर माझ्या वर्गातली मुलं अगदी याच आवाजात विचारतात, बाई, बरोबर ना?

त्याच बेटावर आई मुलीच्या घशाची दुखी जावी म्हणून तिच्या तोंडात जिवंत बेडूक धरते. पोर तोंड वेडंवाकडं करते, पण आईवर भरवसा ठेवून उघडं ठेवते. लॉर्डचा विश्वास होता की नाही यावर एवढी चर्चा झाली. या मुलींना विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायची वेळच येत नाही. भुंगेरा बांधणारी मुलगी पण त्याच वर्गातली.

केतकीबन

खडूफळा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मुलीच्या खोलीत जाऊन आले. झोपली होती.

हापूसवाला

नमस्कार मंडळी. देवगडकडे आमची चारशे कलमं आहेत. नेहमी वाचतो, लिहीत नाही. मुलाने हा धागा दाखवला आणि आम्ही दोघांनी काल सिनेमा बघितला. केतकीताईंचा मूळ प्रश्न मागे पडलाय, त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. बागायतदाराच्या बाजूने.

मोहोर येतो तेव्हा कलमाखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज येतो. मग थंडी लांबते आणि फळं ज्वारीएवढी धरलेली असताना झाड पुन्हा मोहोरतं. पुनर्मोहोर आम्ही म्हणतो. दुसऱ्या मोहोराकडे अन्न जातं आणि पहिली फळं गळतात. सकाळी झाडाखाली हिरवा सडा पडलेला असतो, पायाखाली कचकच वाजतो. तुडतुडे, थ्रिप्स, अवकाळी पाऊस वेगळेच. मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध घालून झालेलं असतं, फवारण्या करून झालेल्या असतात, औषधवाल्याची उधारी डोक्यावर असते. कृषी खात्याचं पत्रक वाचलेलं असतं. सगळं करून झालं, आता हातात काही नाही, अशी एक सकाळ येते.

हॉवी त्याला सांगतो, तुमची माती या फळांची नव्हेच, ही फळं इथे निसर्गाविरुद्ध आणली आहेत, वाण खचलाय. त्या वेळचा लॉर्डचा चेहरा मी ओळखला. आजोबा शास्त्रज्ञ होते, तेव्हा नातवाला हे हॉवीच्या आधीपासून माहीत असणार. माहीत असूनही तो ऐकू शकत नाही. कारण ऐकलं तर बेट रिकामं करावं लागेल. म्हणून माझं मत असं, की आदल्या वर्षापर्यंत त्याचा विश्वास नसेल. फळं गळाली त्या सकाळी बसला.

मी दरवर्षी राखणदाराला, म्हणजे बागेच्या रक्षक देवाला, कोंबा (कोंबडा) देतो, गाऱ्हाणं घालतो. फवारणीही करतो. दोन्ही करतो, आणि दोन्हींतलं कुठलं सोडायची माझी हिंमत नाही. पण २००९ साली फयान वादळ आलं त्यानंतर एकजण आमच्या घरी येऊन बसला होता. बागेला बाधा आहे, अमुक माणसाची नजर आहे म्हणाला. नाव घेतलं ते शेजारच्या वाडीतल्या एका विधवा बाईचं. माझे वडील तेव्हा होते. त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, उठवून गेटापर्यंत पोचवलं. परत येऊन म्हणाले, कोंबा देतो तो आपल्या खुराड्यातला देतो, दुसऱ्याच्या घरातलं माणूस नाही.

गोदाकाठ

हापूसवाला काका, वाट कुठे वळते असं मी विचारलं होतं. माझ्यासाठी तुमच्या वडिलांनी ती गेटापाशी दाखवली.

चकली

मी पुन्हा पाहायला घेतेय, मोठी आवृत्ती. नवऱ्यालाही बसवणार, गाणी असली तरी.

केतकीबन

काका, तुमचं वाचल्यावर तो प्रसंग पाचव्यांदा पाहिला. ‘पीक जाणार नाही’ हे वाक्य तो हॉवीला सांगतोय असं मी धरून चालले होते. पण त्या क्षणी त्याचे लोक मागे उभे आहेत आणि ऐकतायत. तो आवाज थोडा चढवतो. मला वाटतं, ते वाक्य त्यांच्यासाठी होतं, आणि थोडं स्वतःसाठी. तुम्ही म्हणता ती सकाळ त्याच्या डोळ्यांत होती.

यंदा मोहोर कसा आहे काका?

हापूसवाला

पहिला बरा होता. थंडी वाढली आहे. बघू.